विहिणीचं पार्किंग

प्रतिभाताईंवर मी जळते. त्यात लपवायचं काय? विहीण हाय ती माझी, माझ्या राजची सासू. समोरासमोर आम्ही दोघी साखरेसारखं बोलतो, पण तिचं नाव निघालं की माझ्या पोटात जी कळ उठते ती ओवा खाऊन जात नाय.

बाई वाईट असती तर एक बरं झालं असतं. दोन शिव्या हासडल्या असत्या अन् मोकळी झाले असते. पण वाईट नाय ना! नाशिकरोडला तिचा फ्लॅट हाय. शाळेत क्लार्क होती, आता रिटायर. नवरा पिंकीच्या लग्नाआधीच गेला. पिंकी तिची एकुलती एक लेक, तीच माझी सून. आवाज असा मऊ की भांडायला गेलं तर आपलाच आवाज आपल्याला कर्कश वाटावा. अन् सवय एकच, सगळं झाकून ठेवायचं. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक. मिक्सरला झालरीचा फ्रॉक. फ्रिजच्या दांडीला रुमाल. सोफ्यावर चादर अन् चादरीवर परत टॉवेल. सोयरिकीच्या बोलणीला पहिल्यांदा गेले तेव्हा कशावर बसावं तेच मला कळेना. आम्ही मखमलाबादची फुलशेतीवाली माणसं, आमची फुलं उघड्यावर, भांडी उघड्यावर, अन् तोंडबी उघडंच.

राज आमचाबी एकुलता. सिन्नरला कंपनीत हाय. आता मखमलाबादहून सिन्नरला जायचं तर नाशिकरोडवरूनच जावं लागतं. म्हणजे माझं पोरगं रोज सकाळ-संध्याकाळ त्या बाईच्या दारावरून जाणार! देवानं रस्ता आखताना माझा विचारच केला नाय. शनिवारी ती दोघं तिकडं राहायची. तेवढं मी सोसायची. लेकीला माहेर पाहिजे, मला काय कळत नाय का? पण रविवारी राज आला की म्हणायचा, "मम्मीनं काय थालीपीठ केलं होतं, आई!" मला आई अन् तिला मम्मी. अन् थालीपीठ काय मी कधी केलंच नाय याला जन्मात?

पाडव्याला राजनं गाडी घेतली. काळी कुळकुळीत. आमच्या मालकांनी, म्हणजे राजच्या बाबांनी, गुलाब-शेवंतीचा एवढा जाड हार केला की ड्रायव्हरला पुढचं दिसेना. गाडी अंगणात जांभळाखाली उभी राहायला लागली. चांगली सावली होती. मला काय माहीत जेठात काय होणार ते!

जेठात जांभळं पिकली, अन् आख्ख्या पंचक्रोशीतली पाखरं आमच्या झाडावर. दिवसा पोपट, साळुंक्या, रात्री वटवाघळं. सकाळी बघावं तर गाडीवर जांभळ्या-पांढऱ्या पिचकाऱ्या. राज बादली घेऊन रोज पुसायचा. एका रविवारी ऊन कडक पडलं, पुसायला उशीर झाला अन् बोनेटवर डाग बसला तो बसलाच. घासला, निघेना. राजचं तोंड असं झालं जसा कुणी त्याच्याच गालावर डाग दिलाय.

पिंकीनं लगेच तिच्या आईला फोन लावला. अन् फोनच्या त्या टोकाकडून तो मऊ आवाज आला, "राजला म्हणावं सिरॅमिक कोटिंग करून घ्या. आमच्या सोसायटीत दोघांनी केलंय. रंगावर एक थर चढवतात, गाडी झाकल्यासारखीच राहते."

झाकल्यासारखी! आणखी काय सुचणार त्या बाईला?

"किती घेतात?" मालकांनी विचारलं. राजनं आकडा सांगितला. मालक म्हणाले, "एवढ्यात तर माझ्या आख्ख्या घराला रंग होईल, आतून-बाहेरून." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसली गत. मी म्हणलं, कोटिंग-बिटिंग काय नको, जांभळाची एक फांदी छाटू. पण राजच्या डोक्यात बसलं ते बसलं. रात्री जेवताना मोबाईलवर तेच बघायचा. करावं, का नको करावं? पैसे वाया तर जाणार नायत? मी म्हणलं, "बघायला जाशील तेव्हा मीबी येणार." बाईच्या सल्ल्यानं माझं घर चालणार असेल तर मी निदान डोळ्यांनी तरी बघीन!

पाथर्डी फाट्याजवळ दुकान होतं. बघते तर प्रतिभाताई आधीच हजर. कडक इस्त्रीची कॉटन साडी, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. "या विहीणबाई," म्हणाली, जसं काय दुकान तिच्याच बापाचं.

दुकानवाला कुंदन नावाचा तरुण माणूस होता, बोलायला सरळ. एका गाडीचं अर्धं बोनेट कोटिंग केलेलं अन् अर्धं तसंच. वरून त्यानं पाणी ओतलं. साध्या बाजूला पाणी पसरलं. कोटिंगच्या बाजूला गोळे-गोळे होऊन घरंगळून गेलं.

"हे तर कोबीचं पान हाय," मी म्हणलं.

कुंदन हसला. "अगदी तसंच, काकू."

"मग ओरखडा पडणार नाय?"

"पडणार. किल्लीनं ओढलं तर पडणारच. हायवेला खडा उडाला तरी लागणार."

"मग कशाला घालवायचे एवढे पैसे?"

"धुवायला सोपी जाते. घाण लवकर निघते. चमक वर्षानुवर्षं टिकते, आणि काळ्या गाडीला ते लागतं. पण काकू, खरं सांगू का? गाडी जर झाडाखाली, उघड्यावर राहणार असेल तर मी करू नका म्हणेन. पाखरांची घाण वेळेत पुसली नाही तर कोटिंगवरही डाग धरतो. आणि केल्यावर पहिला आठवडा तर पाण्याचा थेंब नको. डोक्यावर छप्पर असेल तर पैसे वसूल."

राजनं मोबाईल खिशात टाकला. आमच्याकडं छप्पर नव्हतं. मला हायसं वाटलं, म्हणलं चला, कटकट मिटली.

तेवढ्यात प्रतिभाताई पदर सारखा करत म्हणाली, "आमच्याकडे बेसमेंट आहे ना. माझी पार्किंगची जागा रिकामीच असते. राजला कंपनीही जवळ पडेल."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आत्ता कळलं मला कोटिंग कशासाठी ते! गाडी जिथं झोपणार तिथं माझा राज झोपणार, अन् राज जिथं झोपणार तिथं माझी सून. शनिवारचे सातही वार करायचे होते बाईला. वर वड्यांचा डबा उघडून माझ्यापुढं धरला. मी एक वडी घेतली. चांगली झाली होती, ते आणखी वाईट.

"छप्पर आमच्याकडंबी होतंय," मी म्हणलं. "राज, घाल रे कोटिंग. सोमवारी गाडी सोड इथं. तोवर शेड उभी करते."

घरी आल्यावर मालकांनी कपाळाला हात लावला. शेड कुठं घालायची? जांभळापासून लांब पाहिजे, म्हणजे गुलाबाच्या प्लॉटला लागून. तिथं शेवंतीचे दोन वाफे होते, नुकतीच रोपं धरलेली. मी म्हणलं, उपटा. मालक म्हणाले, "शेवंती उपटून गाडी लावतीस? गाडीला कळ्या येणार हायत का?" मी स्वतः उपटली. बोटं दुखली, जीवबी दुखला, पण डोळ्यापुढं ते बेसमेंट दिसत होतं. लोखंडी पाईप रोवले, वर नवे पत्रे टाकले. पत्र्याला हात लावला की चटका बसायचा, पण काय दिमाखदार शेड झाली! शेजारणी बघून गेल्या. मी सगळ्यांना सांगितलं, राजच्या गाडीसाठी हाय.

कोटिंग झालं. गाडी घरी आली तेव्हा तिच्यात माझं तोंड आरशात दिसावं तसं दिसलं. खरं सांगते, पैसे वसूल वाटले. राजनं दहा वेळा बजावलं, आठवडाभर पाणी नको, फडका नको, कुणी हातसुद्धा लावायचा नाय. मी म्हणलं, "लावतंय कोण? आमच्या घरात काय पाईप गळतायत का बाथरूमं फुटतायत?" अन् मुद्दाम फोन करून विहीणबाईला सांगितलं, गाडी इथंच हाय, शेडमध्ये, एकदम झकास. "बरं झालं," म्हणाली. आवाज जरा खाली गेला होता. मला ते गोड लागलं.

दोन दिवस माझं राज्य होतं.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं. दमट हवेत गुलाबाला करपा येतो, मालकांचा जीव वर-खाली व्हायला लागला. पहाटेच पाठीवर पंप घेऊन ते प्लॉटात शिरले. मी चुलीपाशी. औषधात आम्ही स्टिकर नावाचं चिकट पाणी घालतो, सगळेच शेतकरी घालतात. नायतर पानावरून औषध ओघळून जातं. स्टिकर घातलं की ते पानाला धरून बसतं, पावसानंबी लवकर निघत नाय. वारा प्लॉटाकडून शेडकडं. वरून पत्रे होते, पण बाजू? बाजू उघड्याच! वरून पडणाऱ्याचा मी विचार केला होता, नवऱ्याच्या पंपाचा कोण करतो?

राज किल्ली घेऊन बाहेर आला अन् तिथंच थांबला. एका बाजूनं आख्खी गाडी निळसर-पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. मी धावत गेले, पदरानं पुसायला लागले तर ते आणखी फासलं गेलं.

"आई, हात लावू नको!" राज ओरडला. असा कधी ओरडत नाय तो माझ्यावर.

"अरे पाण्यानं..."

"पाणी लावायचं नाय म्हणून सांगितलं होतं ना!"

मालक पंप पाठीवर तसाच घेऊन उभे. म्हणाले, "पण औषध चांगलं बसलंय की." त्यांना गुलाबाबद्दल म्हणायचं होतं. राजनं पिंकीला गाडीत बसवलं अन् गेला. कुंदननं सांगितलं, तेवढा भाग पॉलिश करून परत कोटिंग करावं लागेल. ते केलं, अन् दुकानातून गाडी सरळ नाशिकरोडला गेली. बेसमेंटात.

"आठवडा होऊ दे, मग येतो," फोनवर म्हणाला.

आठवडा झाला. मग म्हणाला, कंपनीत ऑडिट हाय, इथून जवळ पडतं. मग पिंकी म्हणाली, मम्मीचा गुडघा दुखतोय. गुडघा! माझे काय गुडघे लोखंडाचे हायत? मी रोज दोन भाकरी जास्तीच्या टाकायची, चुकून, अन् मग मालक रात्री त्या दुधात कुस्करून खायचे. शेड रिकामी. शेजारणी विचारायच्या, गाडी दिसत नाय ती? मी सांगायची, सर्व्हिसिंगला गेलीय. किती दिवस सर्व्हिसिंग सांगणार?

शेवटी एका रविवारी मीच रिक्षा केली अन् न सांगता नाशिकरोडला थडकले. दार उघडलं प्रतिभाताईनं. आत गेले तर गॅलरीत दोरीवर राजचे शर्ट वाळत घातलेले, उलटे, कॉलरला चिमटे. त्याचा तो निळा शर्ट तर मी स्वतः घेतलेला, कॉलेज रोडवरून. दुसऱ्या बाईच्या दोरीवर आपल्या पोराचे शर्ट बघून काय होतं ते आई झाल्याशिवाय कळणार नाय. जिवाचा नुसता जळफळाट झाला. राज अन् पिंकी भाजी आणायला बाहेर गेले होते.

"गाडी बघून येते," मी म्हणलं.

"नको हो विहीणबाई, खाली अंधार आहे. चहा घ्या आधी."

नको म्हणाली म्हणूनच मी जिना उतरले. ती मागोमाग, गुडघा धरून. गुडघा खरंच दुखत होता, ते मला पायऱ्यांवर दिसलं.

खाली गाडीवर जुनी साडी पांघरलेली. साडीवर आणखी एक साडी. अन् गाडीच्या बरोबर वर, छताला जो सांडपाण्याचा पाईप गेलाय, त्याला लहान बाळाला आंघोळ घालतात तसला प्लास्टिकचा टब सुतळीनं बांधून टांगलेला. पाईपाच्या जोडातून थेंब-थेंब त्या टबात पडत होता. टब अर्धा भरलेला.

मला हसू आवरेना. "अगं बाई! विहीणबाई, तुमच्याकडंबी गळतंच की!"

तिनं माझा हात धरला. बाई कधी हात-बित धरणारी नाय. म्हणाली, "सोसायटीवाले दुरुस्त करतो म्हणतात, करत नाहीत. मी सकाळी राज उठायच्या आत टब उतरवते, साड्या काढून घेते, रविवारी तेवढा तो गाडी काढत नाही. त्याला माहीत नाही. सांगू नका ना. खरंच सांगू नका." मग माझा हात न सोडता म्हणाली, "हे गेल्यापासून दाराशी माझी एकटीची चप्पल असायची. आता रात्री कुलूप लावताना तीन जोड दिसतात, तर झोप लागते मला."

एवढं ऐकल्यावर माणसानं विरघळायला पाहिजे, नाय का? मी नाय विरघळले. मला एकदम माझं दार दिसलं, माझ्या दाराशीचे दोनच जोड. तिला झोप लागावी म्हणून माझी का उडावी? लेक तिची, मान्य, पण पोरगा माझा हाय. टबात परत एक थेंब पडला.

जेवायला बसलो. राजनं आमटीचा भुरका मारला अन् म्हणाला, "मम्मी, मस्त झालीय." अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "आमटी मस्त, अन् गाडीवर रोज सांडपाणी ठिबकतंय ते?"

प्रतिभाताईच्या हातातला डाव तसाच राहिला. राज ताटावरून उठून खाली गेला. वर आला तेव्हा हातात ती ओली साडी होती. कुणावर ओरडला नाय. आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं, कामावर माल मोजतात ना तसं, अन् पिंकीला म्हणाला, "चल, ते सिन्नरचं फायनल करून टाकू."

मला वाटलं सिन्नरचं म्हणजे कंपनीतलं काहीतरी.

फ्लॅट होता. भाड्याचा. कंपनीपासून जवळ, खाली बंद पार्किंग, वर स्लॅब, पाईप नाय, झाड नाय, पाखरू नाय. ती दोघं महिनाभर बघत होती म्हणे. "आई, एवढे पैसे घालून कोटिंग केलंय, ते टिकायला पाहिजे ना," राज मला म्हणाला. पिंकी तिच्या आईच्या गळ्यात पडून रडली, पण सामान तिनंच भरलं. मुहूर्तबी बघितला नाय, दोघं आषाढातच गेली. दर रविवारी येतो म्हणाली. एक रविवार आली. मग कुणाचं तरी डोहाळजेवण, मग राजचा ओव्हरटाईम. फोन केला तर म्हणतात, आई, करतो नंतर.

श्रावणात एका दुपारी अंगणात रिक्षा थांबली. प्रतिभाताई उतरली, एकटीच, हातात वड्यांचा डबा. घरात कोंदट वाटत होतं म्हणून मी रिकाम्या शेडमध्ये, वाऱ्याला खाट टाकली. दोघी बसलो. मालक गुलाबात होते. बाईनं डब्यावरचा रुमाल काढला, घडी घातली, परत उलगडली.

माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. तिला तर फोन येत असणार. लेक हाय ती, आईला फोन केल्याशिवाय राहते का? रोज बोलत असणार दोघी, तासन् तास. विचारल्याशिवाय राहवेना.

"पिंकीचा येतो का हो फोन?"

"येतो ना," ती म्हणाली. "रोज येतो."

परत तीच कळ, पोटात. म्हणलं मी का मागं पडू? "राजचाबी येतो मला. रोज. सकाळ-संध्याकाळ." धडधडीत खोटं. गेल्या रविवारपासून फोन वाजला नव्हता माझा.

वाटलं आता तिचं तोंड उतरेल. ती तर खाटेवर पुढं सरकली, माझ्याकडं वळून बसली अन् घाईघाईनं म्हणाली, "हो का? काय म्हणतो? पिंकी बरी आहे ना? तिला तिकडचं पाणी सोसलं का? जेवते ना नीट?"

रोज फोन येणारी बाई मला कशाला विचारील हे?

ती वाट बघत होती. डोळे माझ्या तोंडावर लागलेले. मी एक वडी उचलली, तोंडात टाकली अन् सांगायला लागले. "बरी हाय की. कालच म्हणाला राज. पाणी सोसलं. खाली एक भाजीवाली बसते, तिच्याकडं ताजी मेथी मिळते. पिंकीनं परवा थालीपीठ केलं, तर राज म्हणाला, मम्मीसारखंच झालंय."

"असं म्हणाला?"

"असंच म्हणाला," मी म्हणलं. "आणखी सांगते, ऐका."